निम्मा स्वयंपाक विळीवर

पंगत उठल्यावर जेवणाची स्तुती होते ती कशाची? आमटीच्या फोडणीची, पुरणपोळीच्या मऊपणाची, फार तर कोशिंबिरीच्या चवीची. ‘आज काकडी काय सुरेख कोचवली होती!’ असे म्हणून पानावरून उठलेला गृहस्थ आमच्या तरी पाहण्यात नाही. फोडणी देणे हे दोन मिनिटांचे काम. परंतु तिच्याआधी तासभर विळीवर बसून ज्या हातांनी भाजी, कोथिंबीर, मिरच्या, खोबरे आणि गूळ चिरून ठेवला, त्या हातांचे नाव कोणी घेत नाही. चिरणे म्हणजे स्वयंपाकाची पूर्वतयारी, ती कोणीही करावी आणि खरा स्वयंपाक चुलीपाशी सुरू व्हावा, अशी एक समजूत आपल्या घरांतून रूढ झाली आहे. ह्या समजुतीत दोन दोष आहेत; एक पाकशास्त्राचा आणि दुसरा न्यायाचा. दोहोंचाही विचार ह्या महिन्यात करावा असे आम्ही योजिले आहे.

उदाहरणादाखल आम्ही गडहिंग्लज हे गाव घेतो. आंबोलीजवळ उगम पावणारी हिरण्यकेशी आजऱ्यावरून गडहिंग्लजला येते आणि पुढे संकेश्वराकडे जाते. नदीबरोबर गावाची भाषाही दोन्ही अंगांनी वाहते. एका शेजारघरी मराठी तर दुसऱ्या शेजारघरी कानडी. एका घरी जिला विळी म्हणतात तिलाच दुसऱ्या घरी ईळिगे म्हणतात, आणि दोन्ही घरी तिच्यावर बसण्याची तऱ्हा एकच. ह्या मुलखात ऊस आहे, म्हणून गूळ आहे, भुईमूग आहे, बाजारात लांबट, सुरकुतलेली संकेश्वरी मिरची येते आणि आजऱ्याकडचा घनसाळ तांदूळही येतो. चैत्र लागला की मराठी घरी गौरीच्या हळदीकुंकवाला हरभऱ्याची भिजवलेली डाळ भरड वाटून तिच्यात किसलेली कैरी घालतात व सोबत पन्हे देतात. कानडी घरी रामनवमीला भिजवलेल्या मुगाच्या डाळीत काकडी, कोथिंबीर आणि ओले खोबरे घालून कोसंबरी करतात व सोबत पानक देतात. आपली कोशिंबीर आणि त्यांची कोसंबरी ह्यांचे नाते नावावरूनच उघड आहे. सीमेवरच्या गावी ह्या दोघी एकाच ताटात भेटल्या तर नवल नाही. आणि दोघींचीही सारी चव विळीवर व किसणीवर ठरते. कारण चुलीवर जाते ती फार तर चमचाभर फोडणी.

आपल्या भाषेनेही हे काम पूर्वीपासून ओळखले आहे. भाजी आपण चिरतो, फळ कापतो, सुपारी कातरतो, कैरी किसतो, नारळ खवतो आणि काकडी कोचवतो. ह्यांतील एक क्रियापद दुसऱ्याच्या जागी बसत नाही. निष्पन्न होणाऱ्या वस्तूंची नावेही तितकीच निश्चित आहेत. फोड ती जाड, चकती ती गोल, काचरी ती पातळ, काप तो लांबट, कीस तो धाग्यासारखा. ‘बटाट्याच्या काचऱ्या कर’ असे सासूबाईंनी सांगितले आणि सूनबाईंनी फोडी केल्या, तर दोन निराळ्या भाज्या होतात. बटाटा तोच, तेल तेच, मीठ-तिखट तेच. केवळ जाडीच्या फरकाने पदार्थ बदलला. जे कृत्य पदार्थच बदलते, त्यास पूर्वतयारी म्हणणे योग्य नव्हे.

ह्याचे कारण थोडक्यात सांगण्याजोगे आहे. एक सेंटिमीटर लांबी, रुंदी व उंचीचा बटाट्याचा तुकडा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग होतो. त्याच्याच एक मिलिमीटर जाडीच्या दहा चकत्या केल्या तर पृष्ठभाग २४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे चौपट होतो. तेल, मीठ, तिखट आणि उष्णता ही सारी पृष्ठभागावरूनच आत जातात. तेव्हा चौपट पृष्ठभाग म्हणजे त्यांना आत शिरण्यास चौपट दारे. शिवाय तुकड्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचण्यास लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ अदमासे चौपट लागतो. म्हणून एकाच कढईत काही तुकडे जाड आणि काही पातळ पडले, म्हणजे पातळ करपतात तेव्हा जाड अजून कच्चेच असतात. पुष्कळ वेळा भाजी बिघडल्याचा दोष जाळाकडे जातो. वस्तुतः तो विळीचा असतो. तेव्हा बारीक चिरण्याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, सारखे चिरण्यास महत्त्व आहे.

गुळाचेच पाहा. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिकडच्या बाजारात गुळाचा मोठा रवा ३० किलोंचा असतो. आपल्या घरी येते ती लहान ढेप. तरीही ती विळीच्या पात्यावर कीस पडावा तशी बारीक चिरूनच वापरावी, असे जुन्या बायका सांगत. चिक्कीचा किंवा लाडवांचा पाक करताना गुळाचे ठोकळे तसेच टाकले तर कडेचा गूळ विरघळून पुढच्या पाकाला जातो आणि मधला खडा तसाच राहतो. खडा विरघळेपर्यंत कडेचा करपून कडू होतो. बारीक चिरलेला गूळ एकदम आणि सारखा विरघळतो, म्हणून पाक हाती लागतो. शेंगदाण्याची चिक्की कधी दाताला चिकटते आणि कधी दगडासारखी होते, ह्याचे एक कारण पुष्कळदा येथे सापडेल.

आता काही पदार्थांच्या रीती सांगतो.

काकडी कोचवावयाची ती किसू नये. किसणीने तिच्या पेशी चेचल्या जातात आणि ती पाणी सोडते. मग कोशिंबीर पानात वाहू लागते. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरावी, धारदार सुरीने तिच्या अंगावर जवळजवळ हलके घाव घालीत जावे, आणि मग तो वरचा थर पातळ कापून खाली पाडावा. असे करीत बियांच्या गाभ्यापर्यंत जावे. दाण्याचे कूट, मिरची, खोबरे, लिंबू आणि तूप-जिऱ्याची फोडणी आधी घालावी. मीठ मात्र पाने वाढताना घालावे, कारण मीठ लागताच काकडीतील पाणी बाहेर ओढले जाते. पाणी सुटलेच तर ते फेकू नये. थालीपिठाचे पीठ त्यात भिजवावे.

कोथिंबीर आधी धुवावी, निथळावी, कोरडी करावी आणि मग जुडी घट्ट धरून एकदाच चिरावी. तीच ती पुन्हा पुन्हा चिरीत बसल्यास पाने चेचून काळी पडतात आणि वास पदार्थात उतरण्याऐवजी पाटावरच राहतो. सर्व भाज्यांना हाच नियम लावावा. धुणे आधी, चिरणे नंतर. बारीक चिरलेली भाजी पाण्यात धुतली तर क जीवनसत्त्व आणि क्षार त्या पाण्याबरोबर मोरीत जातात. वांगे आणि बटाटा हे अपवाद समजावेत. वांगे हवेने काळे पडते म्हणून चिरताच पाण्यात टाकावे लागते. आणि काचऱ्यांच्या अंगावरचे पिठूळ सत्त्व धुऊन गेल्याने त्या एकमेकींना चिकटत नाहीत. भेंडीला मात्र चिरल्यावर पाण्याचा स्पर्श होऊ नये. भेंडी कोरडी, पातेही कोरडे, म्हणजे तार येत नाही.

आल्याचे तंतू उभे असतात. म्हणून ते आधी आडवे, पातळ चकत्यांत कापावे आणि मग बारीक करावे. उभे कापल्यास दाताखाली दोरे येतात. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येते, ते त्याच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्यांचा संयोग होऊन एक तिखट वायू निघतो म्हणून. पाते बोथट असले तर पेशी अधिक चेचल्या जातात, रस अधिक उडतो आणि डोळेही अधिक झोंबतात. अर्थात कांद्याचे रडे निम्मे कांद्यामुळे आणि निम्मे धार न लावल्यामुळे असते.

बदाम-पिस्त्यांचे काप कोरड्या सुरीने कोरडेच करू गेल्यास त्यांचा चुरा होतो. ते गरम पाण्यात भिजवून, साल काढून, ओलसर असतानाच कापावेत आणि मग पसरून वाळवावेत. चिवड्यातील सुक्या खोबऱ्याचे काप कागदासारखे असावेत. जाड कापाची कड तांबूस होते तेव्हा पोटात तो पांढराच राहतो, आणि तो पोटातला ओलसरपणा चार दिवसांनी चिवड्यास खवट करतो. पापडाच्या घट्ट पिठाच्या लाट्या तर आपल्या आज्या पात्याने कापीतच नसत. दोरा लावून ओढीत, म्हणजे लाटी दबत नसे. पदार्थ ओळखून हत्यार निवडणे ह्यासच कौशल्य म्हणतात.

एकत्र कुटुंबात बारीक चिरण्याचा आणखी एक अर्थ आहे. दहा-बारा पिस्ते अख्खे ठेवले तर दहा-बारा माणसांच्या वाट्याला एकेक येतो आणि तेरावा तसाच उठतो. त्यांचेच पातळ काप केले तर श्रीखंडाच्या प्रत्येक वाटीवर हिरवी रेघ उमटते. बारीक चिरणे म्हणजे थोडक्याची समान वाटणी होय. त्याचप्रमाणे एकाच पंक्तीला दुधाचे दात असलेले मूल आणि दात नसलेल्या आजेसासूबाई बसलेल्या असतात. मुळ्याची वा कोबीची पचडी धाग्यासारखी बारीक असली तर दोघांनाही ती खाता येते. जाड असली तर दोघांच्याही पानात ती तशीच राहते. ज्या घरात विळीवरचा हात मायेचा आहे, त्या घरात वृद्धांच्या पानात कच्च्या भाज्या संपलेल्या दिसतात.

विळीविषयी दोन शब्द. सुरीत पाते हलते व पदार्थ स्थिर असतो. विळीत पाते स्थिर असते व पदार्थ हलतो. त्यामुळे विळीवर दोन्ही हात पदार्थावर राहतात आणि जाडीचा अंदाज डोळ्यापेक्षा बोटांनाच आधी येतो. टोकाशी नारळ खवण्याची दातेरी चकती, पाट पायाखाली दाबलेला, अशी ही एकच वस्तू तीन-चार हत्यारांचे काम करते. बंगालात हिलाच बोंटी म्हणतात. धार मात्र वेळेवर लावून घ्यावी. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेला हातच घसरतो. काम संपताच विळी आडवी करून ठेवण्याची जुनी शिस्त मोडू नये. ज्यांचे गुडघे आता जमिनीवर बसू देत नाहीत, त्यांच्यासाठी ओट्यावर ठेवावयाच्या विळ्या मिळतात. त्या वापरण्यात कमीपणा नाही.

कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्यांची मापे घरोघर पोचविली, हे मोठेच काम झाले. परंतु वाटीने प्रमाण मोजता येते. काचरीची जाडी वाटीने मोजता येत नाही. ती एका हातावरून दुसऱ्या हातावर, शेजारी बसूनच यावी लागते. फ्रेंच लोकांनी ह्याचेही शास्त्र केले आहे. काडीसारख्या लांब, बारीक तुकड्यांना ते ‘जुलियन’ म्हणतात आणि हा शब्द मासियालो याच्या पाकग्रंथाच्या १७२२ सालच्या आवृत्तीत छापलेला आढळतो. पाने गुंडाळून त्यांच्या सुतासारख्या रिबिनी कापणे यास ‘शिफोनाद’ म्हणतात. आपण अळूची पाने गुंडाळून फदफद्यासाठी चिरतो तेव्हा तेच करीत असतो. जपानातील गोष्ट अधिक विचारात घेण्यासारखी आहे. तेथे मुळ्याचा जाड दांडा फिरवीत फिरवीत त्याची कागदासारखी अखंड पट्टी सोलून काढणे ही आचाऱ्याची परीक्षाच समजतात. आणि पाकगृहातील मुख्य आचाऱ्यास ‘इतामाए’ म्हणतात; त्या शब्दाचा अर्थ ‘फळीपुढचा’, म्हणजे कापण्याच्या फळीपुढे उभा राहणारा. परंपरेने तेथे शिजविणाऱ्याचा मान त्याच्या खालचा. कापणारा पहिला, शिजविणारा दुसरा!

आपल्याकडे ह्याच्या उलट का झाले? आता आम्ही न्यायाच्या दोषाकडे येतो. आपल्या ब्राह्मण घरांतून पूर्वी विळीवर कोण बसत असे, हे आठवून पाहावे. नवी सून, आश्रयाला आलेली दूरची नातलग, आणि बहुधा एखादी लहानपणीच विधवा झालेली आत्या. पहाटेपासून रात्रीपर्यंत निवडणे, सोलणे, किसणे, चिरणे हे त्यांच्या वाट्याला असे. अशा स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे करावे म्हणून महर्षी कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, त्याआधी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे हीच स्थिती होती. चैत्रातल्या हळदीकुंकवाची डाळ जिच्या हाताने तयार झाली, कैरीचा कीस काढता काढता जिची बोटे आंबटाने चरचरली, तिला त्याच दुपारी दिवाणखान्याच्या दाराआड राहावे लागे. तिची डाळ चाले; ती चालत नसे. काम सोपे होते म्हणून ते त्यांच्याकडे गेले नाही. त्यांच्याकडे गेले म्हणून ते सोपे व हलके मानले गेले. चिरण्याला मान का नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर पाकशास्त्रात नसून येथे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही गोष्ट पूर्ण भूतकाळात गेली असे म्हणवत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातीलच, शिरोळ तालुक्यातील हेरवाड ह्या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे इत्यादी विधवाप्रथा बंद केल्या. आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही हे उदाहरण गिरवावे असे परिपत्रक काढले. ठराव करावा लागला, ह्याचाच अर्थ प्रथा जिवंत होती. गावाने जे चावडीवर ठरविले ते सुशिक्षित म्हणविणाऱ्या आपल्या घरांनी माजघरात ठरविण्यास कोणाच्या परिपत्रकाची वाट पाहू नये.

पुरुषांचेही ह्यात थोडे देणे आहे. कोहळा किंवा तांबडा भोपळा बायकांनी प्रथम फोडू नये, पहिला घाव पुरुषाने घालावा, असा आपल्याकडे संकेत आहे. त्या एका घावापुरते घरातील कर्ते पुरुष माजघरात येतात, घाव घालतात आणि हात झटकून पुन्हा ओटीवर जातात. पुढच्या फोडी, बिया काढणे, साल काढणे आणि वड्यांसाठी कोहळा किसणे हे ज्यांचे काम ते त्यांच्याकडेच राहते. आमची सूचना एवढीच, की पहिला घाव घालणाराने शेवटची फोडही करून मगच उठावे. मुंजीच्या वयाचा मुलगा धारदार पात्याचे भान ठेवून कोथिंबीर निवडू-चिरू शिकला तर त्याचे काही कमी होणार नाही. पुढे शिक्षणासाठी पुण्यास किंवा परदेशी गेल्यावर तो त्या शिक्षणाबद्दल घराला दुवाच देईल.

कोणी म्हणतील, आता यंत्रे आली, बाजारात चिरलेली भाजी पिशवीतून मिळते, मग हा खटाटोप कशास? यंत्रावर आमचा राग नाही. शंभर पानांच्या मंगलकार्यास कोबी यंत्राने चिरावा, मनगटे दुखणाऱ्या गृहिणीने तर रोजच्या भाजीसही ते वापरावे. तथापि फिरत्या पात्याचे यंत्र कांदा व कोथिंबीर कापण्यापेक्षा फोडतेच अधिक, हे ध्यानात ठेवून चटणी-वाटणासाठी ते घ्यावे व कोशिंबिरीसाठी हात घ्यावा. पिशवीतील चिरलेली भाजी घेताना ती केव्हा चिरली हे पाहावे. चिरल्या क्षणापासून भाजी सुकू लागते आणि तिचे सत्त्व घटू लागते. आणि मुख्य म्हणजे, यंत्र आणल्याने भार हलका झाला तरी तो एकीच्याच अंगावर राहिला, तर न्यायाचा प्रश्न सुटला असे होत नाही.

असो. ह्या महिन्यात प्रत्येक घरी तीन गोष्टी कराव्यात अशी आमची विनंती आहे. घरातील विळीस व सुरीस धार लावून घ्यावी. आठवड्यातून एक दिवस चिरण्याचे काम घरातील पुरुषांनी व मुलांनी, वडीलधाऱ्या बाईंच्या शेजारी बसून करावे. बाईंनी त्या दिवशी फक्त सांगावे. आणि चैत्रात हळदीकुंकू असेल तेव्हा कैरी जिने किसली, ती सधवा असो वा विधवा, तिला दिवाणखान्यात आणून सर्वांआधी बसवावे, कुंकू लावावे आणि डाळीची पहिली वाटी तिच्या हातात द्यावी. पुढील महिन्यात उन्हाळी वाळवणांविषयी लिहू.